रिमोटचा पल्ला

टेंभुर्णीत माझं रेडिओ आणि रिमोट दुरुस्तीचं दुकान आहे, आणि खरं सांगायचं तर आता मला त्याचा वीट आलाय. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागे सरकतं. लोक शेतीला पाणी उपसायच्या मोटारी पाण्यामागे नेत राहतात, शेवटी घर आणि मोटार यांत किलोमीटरभर चिखल उरतो. मोटार चालू-बंद करायच्या बाजारातल्या बिनतारी रिमोटचा पल्ला जेमतेम दीडशे मीटर. मग सगळे माझ्याकडे. मी आत जादा सर्किट बसवायचो, अँटेना बदलायचो. रेडिओ लहरींच्या ताकदीच्या सरकारी मर्यादेच्या कितीतरी वर जायचं ते, मला ठाऊक होतं. सरकारला इथलं काय कळतंय, म्हणून मी मोकळा व्हायचो.

एक गोष्ट मात्र माझ्या टाळक्यात शिरली नाही. सगळे रिमोट एकाच कंपनीचे, एकाच कोडचे. पल्ला कमी होता तोवर काही बिघडत नव्हतं. मार्चमध्ये हिंदुरावांनी घराच्या ओट्यावरून आपली मोटार चालू केली, तर पलीकडची अजिनाथचीही चालू झाली. तो तिचा अडकलेला पंखा हाताने सोडवत होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दूरसंचार खात्याचे साहेब आले. गावातले रिमोट जप्त केले, नियम समजावले, हे कुणी करून दिलं म्हणून परत परत विचारलं. कुणी तोंड उघडलं नाही. माझ्याही दुकानात येऊन, काही कळलं तर सांगा म्हणून फोन नंबर देऊन गेले. मला लाज वाटली, आणि सुटलो म्हणून बरंही वाटलं.

महिन्याने अजिनाथ आला. शिव्या घालेल म्हणून मी उभाच राहिलो. त्याने डाव्या हाताने पिशवीतून नवा रिमोट काढून समोर ठेवला.

"अण्णा, एवढा वाढवून द्या की."

मी नाही म्हणालो. बोटं गेली तरी अक्कल येत नाही का, असंही बोलून गेलो. तो चिडला नाही. रोज दोनदा चिखल तुडवावा लागतो, हात ठणकतो, म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "सायबानं मला लई इचारलं. म्या तुमचं नाव घेतलं न्हाय."

तो धाक घालत नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही. मी त्याच्यादेखत साहेबांना फोन लावला. ते सगळे रिमोट मीच वाढवून दिले, मी शिवशरण, टेंभुर्णी, एवढं सांगून टाकलं.

अजिनाथने सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर त्याने रिमोट पिशवीत घातला आणि तसाच उभा राहिला.

"मग आता ह्यो कुणाकडं न्यायचा, अण्णा?"