युवराजाच्या पोथीची समाप्ती

मी एक जुना चष्मा आहे. जाड काचांचा, तपकिरी चौकटीचा, एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेला. पण मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. शिरड शहापूरच्या उत्तमरावांच्या नाकावर मी हयात काढली आहे, आणि त्या नाकाला गावात मान होता.

हिंगोलीच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. उत्तमराव माझ्यातून सकाळी वर्तमानपत्र वाचत आणि श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी. आवाज खणखणीत. लोक माना डोलवत आणि मला वाटे, निम्मं कौतुक आपलंच. त्यांची बायको द्वारकाबाई मागच्या रांगेत बसून ऐकायची. तिनं पोथीला हात लावलेला उत्तमरावांना खपत नसे. खरं सांगायचं तर मलाही खपत नसे.

उत्तमराव गेले आणि मी फडताळात धूळ खात पडलो. मग एके दिवशी द्वारकाबाईनं मला पदरानं पुसून डोळ्यांवर चढवलं. आता पोथी दिसेल म्हणून मी सरसावलो, तर समोर कादंबरी. नात पुनमनं हिंगोलीच्या बसस्थानकावरून आणलेली. मुखपृष्ठावर पांढऱ्या कोटातला युवराज आणि त्याला रेलून उभी असलेली सिनेनटी.

काय सांगू तुम्हाला त्या युवराजाचं? चाळीस खोल्यांचा राजवाडा, आणि हा रडायला गच्चीवर जाणार. कामधंदा काही नाही. तिचा फोन आला नाही की जेवण सोडायचा. नटी त्याहून वरताण. दोन कोटी लोक तिचे फोटो बघतात आणि ही म्हणते, मला कुणी ओळखतच नाही. त्यात राणीसाहेब आडव्या. नटी सून म्हणून नको, आणली तर गादी सोड. असला सगळा पोरखेळ, आणि तो माझ्या काचांतून.

बरं, वाचायचं तर गुपचूप वाचावं. पण मोठ्यानं वाचायची एकच रीत द्वारकाबाईला ठाऊक होती. तिनं आंघोळ केली, दिवा लावला, मुखपृष्ठाला हळदकुंकू वाहिलं, पुस्तक कपाळाला लावलं आणि उत्तमरावांच्याच चालीत सुरुवात केली. कुंकू नेमकं युवराजाच्या कोटावर सांडलं. मी शरमेनं तिच्या नाकावरून घसरलो. तिनं मला बोटानं वर ढकललं.

दुपारी खुरपण आटोपून बायका जमू लागल्या. सून साधना गहू निवडत बसायची, पण एकच सूप तासभर पुरायचं. शेजारची मुंजाजीची आई तर राणीसाहेबांवर दातच खाऊन होती. "काहून तकलीफ देऊन राहिली लेकराला? पोरगी कमावती हाय की."

लग्नाचा दिवस उजाडला. युवराज सगळ्या दरबारापुढं उभा राहिला, त्यानं मुकुटाला हात घातला, आणि तेवढ्यात द्वारकाबाईचा मुलगा भागवत शेतातून घरी आला.

"माय, आबांच्या चष्म्यानं हे असलं वाचून राहिलीस?" म्हणत त्यानं मला तिच्या डोळ्यांवरून काढलं आणि उत्तमरावांच्या फोटोपुढं ठेवलं. वर झेंडूचा हार. मी म्हटलं, चला, पोराला अक्कल आहे.

पण हार वाळला. उदबत्तीची राख काचांवर बसली. पुढं बघायला फक्त समोरची भिंत. रोज दुपारी द्वारकाबाई पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि न दिसणाऱ्या ओळींवरून नुसतं बोट फिरवायची. साधना म्हणाली, "आत्याबाई, मी वाचून दाखवते."

"न्हाई. लावली मी, समाप्ती बी मीच करणार."

आणि मला? मला त्या भुक्कड युवराजाचा मुकुट डोळ्यांपुढून हलेना. त्यानं तो काढला की नाही, तेवढं तरी कळायला हवं होतं.

शेवटी एकदा भागवत जेवायला बसला, तेव्हा तिनं पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं. "लावलेली पोथी अर्धी पडून राहिली."

"ती पोथी न्हाई, माय."

"दिवा लावला, कुंकू लावलं, बायांनी बसून ऐकली. मग काय हाय?" ती शांतपणे म्हणाली. "अर्धी ठेवली तर दोष घरच्या कर्त्याला लागतो, असं तुझे आबाच सांगत व्हते. आता कर्ता तू हायेस."

भागवत कोटावरच्या कुंकवाकडं बघत राहिला. रानात त्याची हळद उभी होती, दोष नेमका पिकाला भोवला तर? तो उठला, हात धुतला आणि मला फोटोपुढून उचलून आणलं.

"घे. पण हळू आवाजात वाच."

"पोथी हळू वाचत न्हाईत," द्वारकाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी समाप्ती झाली. साधनानं पुरण घातलं. भागवत ओट्यावर विळ्याला धार लावत बसला होता, पण धार लागल्याचा आवाज काही येत नव्हता. युवराजानं मुकुट काढून आईच्या हातात दिला, तेव्हा मुंजाजीची आई म्हणाली, "बराबर केलं लेकरानं." शेवटच्या पानावर काय झालं ते मला नीट दिसलं नाही. द्वारकाबाईचे डोळे भरले होते आणि माझ्या काचा ओल्या झाल्या होत्या.

मित्रांनो, कादंबरी टुकारच होती, हे माझं मत कायम आहे. पण तुमच्या घरी गेलेल्या माणसाचा चष्मा असेल, तर त्याला हार घालू नका. घरात कुणाला वाचायचं आहे ते विचारा, काचा पुसा आणि तिच्या हातात द्या. ती काय वाचते, ते चष्म्यानं ठरवायचं नसतं.