उलटी बरणी

भंडाऱ्यात आमचा छापखाना होता. मालक मी, पण हुकूम चालायचा अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या सुमित्राचा, म्हणजे माझ्या बायकोचा. मराठीत काना पावलोपावली लागतो, म्हणून खिळ्यांच्या पेटीत त्याचा खण सगळ्यात मोठा आणि हाताशी. ङ बिचारा पार कोपऱ्यात. लग्नसराईत 'चि'चे खिळे संपले की ती त्या जागी दुसराच एखादा खिळा उलटा बसवायची. प्रूफावर तिथं काळा ठिपका उमटायचा, म्हणजे येणाऱ्याची जागा राखलेली.

छापखाना बंद पडला तसं तिनं स्वयंपाकघरही त्याच रीतीनं लावलं. मीठ कान्याच्या जागी, जायफळ ङच्या. आता तिला अंधुक दिसतं, पण बोटं चुकत नाहीत.

गेल्या महिन्यात रुचिकानं, आमच्या कुंदनच्या बायकोनं, नव्या सुनेनं, हौसेनं सगळं एकसारख्या बरण्यांत भरून ओळीत मांडलं. दुसऱ्याच दिवशी वरणात साखर पडली. सुमित्रा ओट्यापासून दूर जाऊन बसली. ते पाहून माझं डोकं फिरलं.

"काहून हात लावला? विचारता येत नव्हतं?" मी सुनेवर खेकसलो.

रुचिका रडत सानगडीला माहेरी निघून गेली. आठवडा झाला तरी फोनवर कुंदनशीही धड बोलेना. घर खायला उठलं.

सुमित्रानं एकेक बरणी हुंगून सगळं जागच्या जागी नेलं. पाहतो तर मिठाच्या जागी रिकामी बरणी, तीही उलटी.

"हे काय?"

"रुचिकाची कॉफी. दिवसातून चारदा लागते तिले. हाताशीच पायजे."

"अन् मीठ?"

"सरकवलं. तुमी जा, आना तिले."

मी सानगडीची बस धरली. सुनेसमोर बसून सरळ म्हटलं, "चुकलं माझं, बेटा." मग उलट्या बरणीचं सांगितलं. तशी आत जाऊन तिनं पिशवी भरली.

घरी येताच तिनं बरणी सुलटी केली आणि कॉफी भरली. शेजारी सुमित्रा वरण ढवळत होती.

"रुचिका, मीठ दे वं."

"घ्या आई."

तेव्हापासून रोज हीच हाक. मीठ वीतभर उजवीकडे आहे, हे सुमित्राला पक्कं ठाऊक आहे.