तिसऱ्या सूचनेनंतर

गंजाडच्या रुचिकाने डहाणूतल्या एका आरोग्य संस्थेची वेबसाइट करायला घेतली, तेव्हा सर्पदंशाचं पान तिने शेवटपर्यंत मागे ठेवलं. २०१७ साल होतं. तिचा बाप चिमण पाच वर्षांपूर्वी गवत कापताना साप चावून गेला होता.

पानावर सहा सूचना होत्या. तिसरी होती : चावलेल्या जागेच्या वर घट्ट काही बांधू नका. तिच्याखालीच रुचिकाने बापाची हकीकत लिहिली. त्या दिवशी तिनेच आपली ओढणी त्याच्या पायाला करकचून आवळली होती. मग भगताकडे मंत्राने विष उतरवण्यात दुपार गेली, आणि दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला. स्क्रीनवर हा मजकूर उजवीकडच्या पिवळ्या चौकटीत नीट दिसत होता. संस्थेत कोणालाच काही खटकलं नाही.

खटकलं ते मसोलीच्या दीपेशला. तो जन्मांध. संगणकावरचं सगळं स्क्रीन रीडरच्या आवाजात ऐकायचा. साइट तपासायचं काम त्याचंच होतं.

"रुचिका, तिसरी सूचना संपली आणि मध्येच तुझा बा वारला," तो हळूच म्हणाला. "चौथी यायला दीड मिनिट लागलं. घरात कोणाला साप चावलाय आणि माझ्यासारखा कोणी हे ऐकत बसलाय, असं समज."

"पण चौकट बाजूला आहे, दादा."

"तुझ्या डोळ्यांना. कोडमध्ये मधोमध आहे. साधा डिव्ह, नुसता बिननावाचा कप्पा टाकलायस ना? हे मुख्य नाही, हे मशीनला कसं कळणार? सूचना संपल्यावर असाइडमध्ये, म्हणजे पूरक मजकुराच्या कप्प्यात घाल, त्याला नाव दे. ज्याला ऐकायचंय तो ऐकेल, नाहीतर पुढे जाईल."

रुचिका हे सगळं शिकलेली होती. तरी हात चालेना. बापाचं मरण ओलांडून जायची सोय तिनेच करून द्यायची?

"तो तिथेच गेला, दादा. तिसरीवरच," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी आई, रखमी, तांदूळ निवडत होती. "काय लिवलंस ते वाच तरी," ती म्हणाली. रुचिकाने नुसत्या सूचना वाचल्या, सलग सहा.

रखमीचे हात थांबले. "एवढंच करायचं होतं?"

"हो."

"कोणी सांगितलं असतं तर…"

"ओढणी मी बांधली, आई."

"बांध, बांध म्हणून ओरडलं कोण? मीच ना?" पाच वर्षांत रखमी हे पहिल्यांदा बोलली. रुचिकाने सूप आपल्याकडे ओढून तांदूळ निवडायला घेतले. मग डोळे पुसत रखमी म्हणाली, "आधी लोकांना काय करायचं ते सांग. त्याचं मागाहून."

दुसऱ्या दिवशी रुचिकाने सहाही सूचना एकत्र आणल्या. खाली असाइड उघडला, त्याला नाव दिलं : चिमण यांच्याबद्दल. आईच्या ओरडण्याचं काही लिहिलं नाही.

दीपेशने पान लावलं. सूचना न अडखळता संपल्या. मग आवाज म्हणाला, "पूरक मजकूर, चिमण यांच्याबद्दल." एक बटण दाबून त्याला पुढे जाता आलं असतं. त्याने हात मांडीवर ठेवले आणि ऐकत राहिला.

रुचिका उठून व्हरांड्यात गेली. आत आवाज थांबेपर्यंत ती कठड्याला धरून उभी होती.