कोंडाजीच्या नावाचं कडवं

पोलादपूरच्या वरच्या वाडीत ऋत्विक पैशांचं पाकीट घेऊन पोचला, तेव्हा कोंडाजी शाहीर अंगणात पडवळाचा मांडव बांधत होता. ऋत्विक त्याचा सख्खा पुतण्या, मुंबईत गाणी रेकॉर्ड करणारा. दोन वर्षांपूर्वी काकाचं जाखडी नाचाचं गाणं त्यानं नव्या ठेक्यावर बसवलं, स्वतः गायलं आणि मोबाइलवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपवर चढवलं. ते असं चाललं, की महाडकडच्या हळदींत त्याच्याशिवाय पान हलेना.

चढवताना फॉर्ममध्ये गीतकाराचा रकाना होता. काकाकडे ना ईमेल, ना पॅन कार्ड. आपलंच तर घर, म्हणत ऋत्विकनं स्वतःचं नाव ठोकून दिलं. गाणं लांबत होतं म्हणून शेवटचं कडवंही उडवलं. आता जाखडीत शेवटचं कडवं म्हणजे शाहिराची सही. गुरूचं आणि त्याचं नाव त्यातच गुंफलेलं असतं. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, मग याला नव्हतं असं कसं म्हणावं? होतं की. पण गाणं लांबलं तर लोक मध्येच सोडतात, एवढंच तेव्हा त्याच्या डोक्यात होतं.

पुढे पैसे येऊ लागले. एका ऐकण्यामागे काही पैसेच, पण लाखो ऐकण्यांचे मिळून घराचा हप्ता निघायचा. गायकाचा वाटा त्याचा आणि गीतकाराचाही त्याचाच. पुढच्या खेपेला काकाला देऊ, असं तो दर वेळी ठरवायचा.

ती खेप आज उगवली, तीही साळूकाकीचा फोन आला म्हणून. गणपतीत नाते गावात दोन शाहिरांचा जाखडीचा सामना होता. कोंडाजीनं आपलं गाणं सुरू केलं, तर समोरच्या शाहिरानं मोबाइल काढून गीतकाराचं नाव सगळ्या गावाला वाचून दाखवलं आणि विचारलं, दुसऱ्याची कवनं कधीपासून म्हणायला लागलात? कोंडाजी फेटा उतरवून घरी आला. त्यानंतर त्याच्या तोंडून गाण्याची एक ओळ निघाली नव्हती.

ऋत्विकनं पाकीट पुढे केलं. कोंडाजीनं तिकडे बघितलंही नाही.

"मोबाइलमंदी काय तरी चूक झाली असंल," तो म्हणाला. "तू मुंबईवाला हायस. त्या कंपनीला सांग, गानं माजं हाय."

ऋत्विकला हो म्हणून मोकळं होता आलं असतं. काका आपल्या भोळेपणानं त्याला वाट करून देत होता, आणि त्यानंच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक नाय, काका. मीच माझं नाव लिवलं."

कोंडाजीचे हात थांबले. दारात उभी असलेली साळूकाकी आत गेली.

"पैशे घेईन," कोंडाजी म्हणाला. "माज्या गान्याचे हायत. पन तू नात्याला माज्यासंगं चल. त्या मंडळाम्होरं उभा ऱ्हा नि शेवटचं कडवं तुज्या तोंडानं म्हन. समद्यांना कळंल गानं कुनाचं ता."

ऋत्विकनं लगेच मान हलवली. नाव बदलायचा अर्ज आजच करतो, म्हणाला. स्वस्तात सुटलो, असंही क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं.

"मंग म्हन की आता."

ऋत्विकनं घसा खाकरला. पहिला शब्दच सापडेना. कोंडाजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. कापलेलं कडवं चाळीस सेकंदांचं होतं, एवढंच ऋत्विकला आठवत होतं.