दोनशे वीस किलोंची फुंकर

"हलकं लागलं! आईशपथ, कापसासारखं हलकं लागलं!"

असं ओरडत एकशे चाळीस किलोंचा एक माणूस मंचावरून खाली उतरला आणि समोर जो भेटला त्याच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागला. समोरचाही अंगानं तेवढाच होता. दोघांच्या त्या मिठीत मागची एक खुर्ची मोडली, पण खुर्चीकडे बघायला वेळ कुणाला? रांगेत अजून दोनशे जण उभे होते. मानेचा पत्ता नाही, दंड बाहीत मावत नाहीत, असे हे सगळे पैलवान पोलादबाबांच्या एका फुंकरीसाठी पहिलीतल्या पोरांसारखे ढकलाढकली करत होते.

ताकदीच्या खेळांचं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं ते. एका हॉलमध्ये स्पर्धा, दुसऱ्यात दुकानं. ताई आपल्या व्यायामशाळेच्या टोळीबरोबर भाड्याच्या गाडीतून आली होती. ताई म्हणजे सगळ्यांचीच ताई. वय बेचाळीस, काम कुरियरच्या ऑफिसात पार्सलं घ्यायचं, आणि वीस वर्षं न चुकता संध्याकाळी वजनं उचलायची. बरोबर तिचा सख्खा धाकटा भाऊ होता, तो सुतार. आणि टोळीतले दातांचे डॉक्टर, जे स्वतःला टोळीतला एकमेव सुशिक्षित माणूस समजत. पहिला दिवस तिघांनी प्रोटीन पावडरीचे फुकट नमुने चाखण्यात घालवला होता. चौदा चवी. त्यानंतर काय झालं ते न सांगितलेलं बरं.

धाकटा मात्र फक्त बघायला आला होता. तीन महिन्यांपूर्वी एक दरवाजा चौकटीत बसवताना त्याची पाठ भरली ती भरलीच. मणक्यातली चकती सरकलीय, सहा महिने चाळीस किलोंच्या वर काही उचलायचं नाही, नाहीतर ऑपरेशन, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून तो दुकानात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना बिजागऱ्या दाखवायचा आणि चिडचिड करायचा.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पोलादबाबा दिसले!

बाबांचं ध्यान बघण्यासारखं होतं. अंगात रुपेरी कफनी, कमरेला वीतभर रुंदीचा चामडी पट्टा, हातांना कोपरापर्यंत खडूची पावडर. पुढ्यात एक लांब बार आणि त्याच्या दोन्ही टोकांना चार-चार लाल प्लेटा. या खेळात प्लेटेचा रंग म्हणजेच वजन. लाल पंचवीसची, निळी वीसची, पिवळी पंधराची. जन्म या खेळात गेलेल्या माणसाला आकडा वाचावा लागत नाही, लांबून रंग मोजले की बेरीज होते. आठ लाल म्हणजे दोनशे आणि वीसचा बार. दोनशे वीस.

"वजन कुठे असतं?" बाबा माइकवर गरजले.

"बारला!" गर्दी म्हणाली.

"चूक! वजन मनात असतं! लोखंडाला ठाऊकच नाही की ते जड आहे. तुम्ही त्याला सांगता म्हणून ते जड होतं. मी त्याला विसरायला लावतो!"

मग बाबा चिमूटभर खडू घेत, बारवर फुंकर मारत आणि मागे ढोल बडवायला सुरुवात होई. माणूस पुढे येई, बार धरी आणि कंबरेपर्यंत सहज उचले. खाली जाड गाद्या घातलेल्या. का, तर म्हणे धरणीला इजा नको. बार टेकायच्या आत दोन चेले त्या माणसाला बखोटीला धरून पट्टेविक्रीच्या टेबलाकडे नेत. कारण फुंकरीचा असर संध्याकाळपर्यंतच टिकतो, कायमचा हवा असेल तर मंतरलेला पट्टा घ्यावा लागतो, ही बातमीही बाबाच देत. फक्त एक अट. प्लेटांना कुणी हात लावायचा नाही. परका हात लागला की शक्ती फुटते.

ताई लांबून बघत होती. एक जण बार उचलत असताना ती डॉक्टरांना म्हणाली, "डॉक्टर, बार वाकत नाहीये हो. दोनशे वीस म्हटल्यावर टोकं लवायला हवीत."

"ताई, तुमचं लक्ष नको तिथं असतं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कमरेला नवाकोरा पट्टा होता. "मघाशी महाराजांनीच सांगितलं, श्रद्धा असली की लोखंडसुद्धा ताठ राहतं."

"अहो, पण तुम्ही उचललंत तेव्हा हाताला काय वाटलं?"

"हलकं! अगदी सत्तर-पंचाहत्तर किलो असावं इतकं हलकं! हाच तर चमत्कार आहे ना!"

आता या माणसाला काय सांगणार? रोज लोकांच्या दाढा ठोकून ठोकून तपासणारा हा गृहस्थ!

एवढ्यात मंचावर ढोल वाजला आणि ताईनं वळून पाहिलं. बारसमोर धाकटा उभा होता. ती "अरे थांब!" म्हणून ओरडेपर्यंत त्यानं बार कंबरेपर्यंत आणलासुद्धा होता. खाली आला तो डोळ्यांत पाणी घेऊनच.

"तायडे! दुखलं नाही! जरासुद्धा दुखलं नाही! दोनशे वीस उचलले मी! आयुष्यात एकशे ऐंशीच्या वर गेलो नव्हतो!"

"हे बघ, तुझी पाठ..."

"पाठ बरी झाली! तीन महिने गोळ्या, शेक, मालिश, काही म्हणजे काही झालं नाही, आणि या माणसानं एका फुंकरीत केलं. चार वाजता खुल्या गटाची स्पर्धा आहे, पट्टा घेऊन येता येताच मी नाव दिलंय. पहिलाच प्रयत्न दोनशे वीस टाकलाय."

स्पर्धेतल्या प्लेटा खऱ्या होत्या. पंचांनी सकाळीच एकेक तपासून घेतलेल्या तिनं पाहिल्या होत्या.

"तुला वेड लागलंय का? मेल्या, जन्माचा अंथरुणाला खिळशील!"

"तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही," धाकटा म्हणाला. असं तो पस्तीस वर्षांत कधी बोलला नव्हता. पट्टा आवळत तो तरातरा निघून गेला.

ताई जागच्या जागी रडकुंडीला आली. घड्याळात सव्वातीन झाले होते. पंचांना सांगावं तर स्पर्धक सज्ञान, त्याची सही झालेली. शेवटी तिनं ठरवलं की सरळ बाबांचेच पाय धरायचे. महाराज, त्याला तेवढं सांगा की आज उचलू नकोस. तुमचं तो ऐकेल. चमत्कारबिमत्कार काय तो तुमच्यापाशी राहू द्या, पण माझा भाऊ मला धड परत द्या. रांगेत घुसून, चार जणांच्या शिव्या खाऊन ती मंचावर पोचली.

"महाराज, माझा भाऊ..."

"आधी अनुग्रह, मग गाऱ्हाणं," बाबा म्हणाले आणि फूऽऽ करून मोकळे झाले. ढोल सुरू.

ताईनं बार उचलला. तिची आजवरची मजल एकशे दहाची, पण हा सुळकन वर आला. चेले बखोटीला धरायला पुढे झाले तेव्हा त्यांची पंचाईत झाली. त्यांना रडणाऱ्या, गहिवरलेल्या माणसांची सवय. ताईनं बार ठेवला आणि सवयीनं तिथेच वाकली. व्यायामशाळेचा नियमच असा असतो की ज्यानं उचललं त्यानंच बार मोकळा करायचा. वीस वर्षं दर संध्याकाळी तिनं तेच केलं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात बाबांची लबाडी पकडायचं वगैरे काही नव्हतं, भाऊच होता. तिनं प्लेटा सरकू नयेत म्हणून लावलेली टोकाची पकड सोडवली आणि दोन्ही हातांनी जोर लावून पहिली लाल प्लेट ओढली.

पंचवीस किलोंसाठी लावलेला जोर तो! प्लेट सटकन निघाली आणि ताई प्लेटेसकट मागच्या ढोलवाल्याच्या मांडीवर जाऊन बसली. ढोल थांबला.

"साडेसहा," ताई आपोआपच म्हणाली. दिवसाला तीनशे पार्सलं हाताळणाऱ्या हाताला काटा लागत नाही.

"शक्ती फुटली! शक्ती फुटली!" चेले ओरडले. पण ताई प्लेट काखेत मारून मंचावरून उतरलीसुद्धा होती. शेजारच्या पडद्याआड स्पर्धकांचं वजन घ्यायचा काटा होता, ती थेट तिथे घुसली. मागोमाग दोनशे पैलवान, डॉक्टर, चेले आणि कफनी सावरत बाबा. काट्यावर त्या वेळी एक सद्गृहस्थ फक्त चड्डीवर उभे होते. त्यांना खाली उतरवलं. टॉवेल गुंडाळून ते साक्षीदार म्हणून तिथेच थांबले.

प्लेट काट्यावर ठेवली. काट्यानं आकडा दाखवला, सहा किलो चारशे.

ताईला वाटलं, संपलं. पण बाबांनी दोन्ही हात वर केले.

"पाहिलंत? पंचवीसचे साडेसहा झाले! बाकीचं वजन कुठे गेलं? तुमच्यात गेलं! शक्ती बनून तुमच्या अंगात शिरलं!"

आणि अहो, गर्दीनं टाळ्या वाजवल्या! डॉक्टर तर म्हणाले, "पदार्थाचं ऊर्जेत रूपांतर. शाळेत शिकलोय आपण." चड्डीवाल्या गृहस्थांनीही मान डोलावली. ताईनं कपाळावर हात मारला.

गोंगाट ऐकून धाकटा आला तो हाताला खडू लावूनच. वीस मिनिटांनी त्याचं नाव पुकारणार होते. काट्याचा आकडा त्यानं बघितला, बाबांचं स्पष्टीकरण ऐकलं आणि त्यालाही ते पटलेलं दिसलं. बोलून बोलून ताई थकली होती. तिनं प्लेट उचलली आणि त्याच्या हातात दिली.

हातात आलेली वस्तू सुतार नुसती धरत नाही. धाकट्यानं प्लेट फिरवली, कडेवरून अंगठा नेला आणि बोटाच्या पेरानं मधोमध टकटक केलं. मग कान लावून पुन्हा टकटक केलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"प्लायवूड," तो म्हणाला.

"काय?" बाबा म्हणाले.

"आत प्लायवूड आहे. अठरा मिलिमीटरच्या तीन फळ्या चिकटवल्यात आणि कडेला लोखंडी पट्टी मारलीय." खिशातल्या पेचकसानं त्यानं रबराची कड उचकटली आणि खस्सकन ओढली. आतून पिवळट लाकडाचे थर बाहेर आले. "डिंकही धड लावलेला नाही. प्लायही हलक्या प्रतीचं आहे."

"महाराज," ताईनं विचारलं, "शक्ती निघून गेली की लोखंडाचं प्लायवूड होतं का हो?"

"कधीकधी होतं," बाबा म्हणाले. पण आवाजात आधीचा दम नव्हता.

"मग एवढं करा. स्पर्धेच्या हॉलमधली एक खरी प्लेट आणते. इथे काट्यावर ठेवते. तुम्ही हवी तेवढी फुंकर मारा. एक ग्रॅम कमी झाला तरी मी तुमचा पट्टा घेईन आणि जन्मभर वापरेन."

बाबांनी चेल्यांकडे पाहिलं. चेल्यांनी बाबांकडे. आणि मग जे झालं त्यानं उरलेली सगळी शंका फिटली. चेले मंचाकडे धावले, उरलेल्या प्लेटा त्यांनी भराभर बारवरून ओढल्या आणि मागच्या दारानं धूम ठोकली. बाबा स्वतः चार प्लेटा, म्हणजे हिशेबानं शंभर किलो, एका कवेत घेऊन दुसऱ्या हातानं कफनी वर धरून, पायऱ्या दोन-दोन उतरत सशासारखे पळाले. दोनशे पैलवान तोंडाचा आ वासून बघत राहिले. शेवटी चड्डीवाल्या गृहस्थांनाच भान आलं आणि "अरे पकडा!" म्हणत ते टॉवेलसकट मागे धावले. आयोजकांनी बाबांना फाटकापाशी अडवलं.

"पण मला खरंच हलकं वाटलं होतं हो," डॉक्टर केविलवाणेपणानं म्हणाले.

"कारण ते हलकंच होतं, डॉक्टर," ताई म्हणाली. "तुमच्या हातांनी तुम्हाला खरं तेच सांगितलं होतं. सत्तर-पंचाहत्तर म्हणालात ना? आठ प्लेटांचे एक्कावन्न-बावन्न आणि वीसचा बार, झाले की बाहत्तर. तुम्ही हातांचं ऐकलं नाहीत, बाबांचं ऐकलंत." मग गर्दीकडे वळून ती जरा चढ्या आवाजात म्हणाली, "अरे, आपण सकाळी पोहोचल्यापासून तीनदा स्वतःचं वजन केलं. जेवताना भातसुद्धा ग्रॅमवर मोजून घेतला. आणि जी एक गोष्ट मोजायला हवी होती तिला हात लावायचा नाही म्हटल्यावर आपण हात मागे घेतले! ज्याचं खरं आहे तो कशाला हात लावू नका म्हणेल? तो म्हणेल, या, बघा, मोजा. तपासून बघण्यात कुणाचा अपमान नसतो रे. विचारत जा. कृपा करा आणि विचारत जा."

एकेक जण पट्ट्याचं बक्कल सोडायला लागला.

धाकटा भिंतीला टेकून बसला होता. ताई त्याच्या शेजारी जाऊन बसली. चाळीसची मर्यादा असताना या माणसानं बाहत्तर उचलले होते. पाठ शाबूत राहिली हे निव्वळ नशीब, हे दोघांनाही कळत होतं.

"मला माहीत होतं गं," तो म्हणाला. "हाताला तेव्हाच कळलं होतं. पण रोज ते स्टुलावर बसणं... एका फुंकरीत बरं व्हायचं होतं मला."

"मलाही तू बरा व्हायला हवा आहेस," ताई म्हणाली. "फुंकरीनं होत असतं तर मीच फुंकत बसले असते रे."

स्पीकरवर त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो सावकाश, कंबरेला हात देत उठला. ताई मागून चालत गेली. तो मंचाकडे न वळता नोंदणीच्या टेबलाशी गेला आणि नाव काढायला सांगितलं. टेबलावरच्या बाईंनी अर्ज पुढे ओढला.

"कारण काय लिहू?"

धाकट्यानं हातांवरचा खडू पँटला पुसला.

"लिहा, पाठ दुखते."

बाईंनी तसं लिहिलं, आणि त्यानं खाली सही केली.