ती आली की उघडू

मी गुलाबी वाइनची बाटली बोलतेय. जरा जवळ या, कारण मला सांगायचं कमी आणि विचारायचं जास्त आहे.

माझा जन्म काळ्या द्राक्षांचा. रस सालींबरोबर काही तासच ठेवला आणि लगेच वेगळा काढला, म्हणून माझ्यावर लाली चढली ती एवढीच. दुकानात लाल आणि पांढऱ्या वाइनच्या मधल्या फळीवर मी उभी असायचे. लोक मला उचलायचे, उजेडात धरायचे आणि "सरबत दिसतंय" म्हणून परत ठेवून द्यायचे. मला राग यायचा नाही, नवल वाटायचं. चाखल्याशिवाय यांना कसं कळतं? मला तर माझी स्वतःची चवसुद्धा माहीत नव्हती.

एका उन्हाळ्यात ताई आली. ताई म्हणजे दोघी बहिणींतली थोरली. रविवारी तिच्याकडे बागेत जेवण होतं, कोळशाच्या शेगडीवर भाजून. दुकानाच्या मालकीणबाईंनी आधी विचारलं, "भाजणार काय?"

"कणसं, मासे आणि ह्यांचं ते मसाल्यातलं मटण."

"मग माशांना ही आंबटसर पांढरी न्या, लिंबाचं काम करेल. मटणाला हलकी लाल, पण आधी थोडा वेळ बर्फात ठेवा. जड लाल मात्र उन्हात नेऊ नका. तापली की काढा होतो तिचा."

"आणि माझ्या बहिणीला गुलाबीच लागते."

"मग ही घ्या," म्हणत बाईंनी मला पुढे केलं. "कणसापासून मटणापर्यंत कुणाशीही जमवून घेते."

"बरंय. आमच्या घरात कुणाला तरी जमतंय," ताई म्हणाली.

बाई हसल्या. "फक्त याच उन्हाळ्यात प्या हं. ही ठेवायची वाइन नाही."

ताईच्या घरी कानावर पडलेल्या बोलण्यातून हळूहळू मला सगळं उमगलं. आदल्या वर्षी याच बागेत, पाहुण्यांसमोर, ताई धाकटीला म्हणून गेली होती, "आई आजारी होती तेव्हा तू नुसती फोनवर होतीस." धाकटीने हातातला पेला खाली ठेवला आणि निघून गेली. तेव्हापासून अबोला.

त्या रविवारी मी बर्फाच्या पेटीत मान बाहेर काढून बसले होते. मालकीणबाईंनी नको म्हटलेली जड लाल ताईच्या नवऱ्याने आणलीच, वर ती टेबलावर भर उन्हात मांडली. पाहुणे एक घोट घ्यायचे, "वा, छान" म्हणायचे आणि उरलेली गुपचूप गवतात ओतायचे. छान म्हणायचं आणि ओतून द्यायचं, हे माणसांचं गणित मला अजून सुटलेलं नाही.

कुणीतरी मला उचललं तशी ताई म्हणाली, "ती बाटली राहू दे. ती आली की उघडू."

ती आली नाही. येणार कशी? ताईने घरच्या ग्रुपवर नुसतं "सगळ्यांनी या" असं लिहिलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय! संध्याकाळी माझी पुसून फडताळात रवानगी झाली.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बर्फ, पुन्हा "सगळ्यांनी या", पुन्हा फडताळ. माझा गुलाबी रंग कांद्याच्या सालीसारखा होत चालला. आत काहीतरी मंदावत होतं ते मला जाणवत होतं, आणि मी घाबरले होते. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण माझं तोंड बाहेरून बंद.

तिसऱ्या उन्हाळ्यात ताईच्या नवऱ्याने मला उजेडात धरलं. "अगं, ही उतरायला लागलीय. आज उघडतो, नाहीतर मोरीत ओतावी लागेल."

ताईने मला त्याच्या हातून काढून घेतलं. मागच्या पायरीवर बसली, मला मांडीत धरून. बराच वेळ फोनकडे बघत होती. मग तिने तो लावला.

"मी बोलतेय. हो, बरे आहेत सगळे. ऐक ना, तुझ्यासाठी एक बाटली आणून ठेवली होती. खराब होत चाललीय." मग पलीकडचं ऐकून, "नाही, सगळ्यांनी नाही. तू ये."

धाकटी आली ती घरातल्याच चपलांवर. निखारे विझत आले होते. ताईने स्वतः माझं झाकण फिरवलं. धाकटीने घोट घेतला आणि मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. माझी चव मला तिथेच कळणार होती.

तिचं तोंड वाकडं झालं. "ताई, ही गेलीय गं. शिळ्या सफरचंदासारखी लागतेय."

"माहितेय. लगेच प्या म्हणून सांगितलं होतं मला."

"मग उघडली का नाहीस?"

"तुझ्याशिवाय कशी उघडू? आणि तुला बोलवायचा धीर होत नव्हता. आईवरून ते बोलायला नको होतं मी. तेही सगळ्यांदेखत."

 धाकटीने पेला पुढे केला. "घाल अजून."

ताईचा नवरा गारेगार पांढरी घेऊन आला होता. दोघींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. तोंडं वेडीवाकडी करत, डोळे पुसत, त्यांनी मला तळापर्यंत संपवलं.

आता मी मागच्या दाराशी रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यात आहे. उद्या काचेच्या भट्टीत जाईन. ताजेपणी मी कशी लागले असते, ते आता कुणालाच कळायचं नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

जाता जाता एवढंच विचारते. तुमच्या फडताळात कुणासाठी काय ठेवलंय? आणि त्या माणसाला ते माहीत आहे का?