श्रीमंत पैलवानांच्या कुस्तीला बासरी

श्रीमंत पैलवान आयुष्यात एकच मोठी कुस्ती जिंकले आणि ती मी शूट केली, एवढाच आमचा संबंध. पण ज्यानं एकदा आपली कुस्ती शूट केली तो जन्मभर आपल्या दावणीला बांधला गेला, असं जळकोटकडे समजतात. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी फक्त मुंजी शूट केल्या असत्या.

चाकूरला बसस्टँडसमोर माझा व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, निरोप समारंभ आणि जत्रांमधले कुस्त्यांचे फड. सीडीचा जमाना होता तेव्हा फडाच्या सीड्या मी पुढच्या जत्रेत भांड्यांच्या दुकानाशेजारी मांडून विकायचो. पण नुसत्या कुस्त्यांची सीडी कोणी घेत नसे. फडातला खरा आवाज म्हणजे हलगी, शिट्ट्या आणि मधूनच 'बेवनाळचे पाहुणे जिथं असतील तिथून मंडपात यावे.' लोक म्हणायचे, गाणी टाका. म्हणून मी सगळा आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवायचो. तेव्हा सगळेच तसं करायचे. गाण्याला मालक असतो आणि त्याला विचारायचं असतं, हे आमच्या गावीही नव्हतं. शूटिंगची मूळ कॅसेट पुन्हा पुढच्या लग्नाला वापरायची, ही पण रीतच. त्यामुळे श्रीमंत पैलवानांच्या कुस्तीचा खरा आवाज एका लग्नाखाली दबून गेला. ते लग्नही टिकलं नाही.

कुस्ती त्यांच्या स्वतःच्या गावच्या जत्रेतली. शेवटची, चांदीच्या कड्याची. समोर देगलूरचा मलप्पा, पैलवानांपेक्षा हातभर उंच. बराच वेळ नुसती खडाखडी झाली, लोकांचे शेंगदाणे संपले. मग पैलवानांनी त्याला खाली घेतलं आणि घिस्सा डाव लावला. मलप्पा पालथ्याचा उताणा झाला, पण खांदे टेकवीना. सगळा भार मानेवर तोलून तो तसाच राहिला. किती वेळ राहिला ते विचारू नका, मला कॅमेऱ्याची बॅटरी बदलावी लागेल की काय असं वाटलं होतं. शेवटी खांदे टेकले आणि गाव नाचलं.

या कुस्तीवर मी जे गाणं टाकलं त्याचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर त्यावरही कोणी हक्क सांगेल. गाणं प्रेमाचं होतं, पण ठेका बरा होता. ती सीडी एवढी चालली की ते गाणं पैलवानांचंच झालं. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ते धरलं की लोक नवरदेवाला सोडून श्रीमंत पैलवानांकडे बघायचे. मग पैलवान उठून उभे राहायचे, दोन्ही हात जोडायचे आणि बसायचे. नवरदेव घोड्यावर वाट बघत. आणि त्या कुस्तीपायी दर वर्षी जत्रेत आखाड्याचा नारळ पैलवानांनीच फोडायचा, हे ठरून गेलं. बाकी त्यांच्याकडे थोडं सोयाबीन आणि दुखणारा गुडघा. नारळ हीच काय ती इस्टेट.

मागच्या दिवाळीनंतर माझी मुलगी देविका हिनं जुन्या सीड्या यूट्यूबवर चढवायचं काढलं. बीएड झाली आहे, नोकरी लागेपर्यंत माझं दुकान सुधारायचं तिनं मनावर घेतलं. पैलवानांची कुस्ती चढवली आणि थोड्याच वेळात ती बंद पडली. गाण्याच्या मालकानं हक्क सांगितला होता. खरं सांगायचं तर हक्क त्याचाच होता, भांडायला जागा नव्हती. गाणं काढा किंवा फुकटातलं दुसरं संगीत लावा, एवढाच मार्ग. देविकानं फुकटातल्या यादीतून कुस्तीच्या लांबीचं एक संगीत शोधलं आणि लावलं. ते बासरीचं होतं. मी म्हटलं, जरा रडकं आहे. ती म्हणाली, बाबा, लांबी जुळते आहे.

लांबी जुळली आणि पैलवानांचं नशीब फिरलं.

तीच कुस्ती, तीच माती, पण बासरी लागल्यावर ती कोणाला बघवेना. गाणं होतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष पैलवानांच्या दंडाकडे असायचं. आता ते मलप्पाच्या मानेकडे जाऊ लागलं. माणूस एकटा, परक्या गावात, मानेवर सगळा भार, आणि मागं बासरी. खाली लोक लिहू लागले. 'हरूनही जिंकलास भावा.' 'वरच्याला काळीज आहे की नाही?' 'देगलूरचा वाघ.' एकानं तर श्रीमंत पैलवान जिवंत आहेत का असं विचारलं, आणि ते काळजीनं विचारलेलं वाटलं नाही.

हे सगळं गावातल्या पोरांनी बघितलं. जत्रा कमिटीचा अध्यक्ष यंदा सुदर्शन नावाचा तरुण आहे. त्यानं बैठकीत मांडलं की यंदाचा नारळ मलप्पा पैलवानांच्या हातानं फोडावा, जिल्ह्यात नाव होईल. फोन लावला तर मलप्पानं नको म्हणून सांगितलं. हरलेल्या माणसाला कशाला बोलवता, म्हणाला. त्यावर तर पोरं जास्तच पाघळली. पुढच्या बैठकीत पक्कं करू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी श्रीमंत पैलवान बायकोला, साखराबाईंना, घेऊन माझ्या दुकानात हजर. गुडघा धरून स्टुलावर बसले आणि म्हणाले, आमचं गाणं परत लावा. मी समजावलं की गाणं आपलं नाही. ते म्हणाले, एवढी वर्षं आमचंच होतं. मी म्हटलं, मुंबईच्या कंपनीचं आहे. ते म्हणाले, मग कंपनीला सांगा कुस्ती कोणाची आहे. कंपनीला जळकोट ठाऊक नसेल हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. साखराबाई मधेच शांतपणे बोलल्या.

"दादा, परवा म्या ह्यांची कुस्ती बगितली अन् मला रडू आलं."

पैलवान खूश झाले. बघा, म्हणाले, बाईमाणसाला सुद्धा अभिमान वाटतो.

"अभिमान न्हाई," साखराबाई म्हणाल्या. "त्या लेकराच्या मानेचं वाईट वाटलं."

पैलवानांचं तोंड एवढंसं झालं. मला त्यांचा राग येत होता, तो तिथंच जिरला. घरचं माणूससुद्धा बासरीनं फितवलं तर माणसानं जावं कुठं?

तोड पैलवानांनीच काढली. हलगीला मालक नाही, शिट्टीला मालक नाही, लोकांच्या ओरडण्याला तर नाहीच. मग देवळापुढं टीव्ही मांडायचा, आवाज बंद करून कुस्ती लावायची, समोर हलगीवाला बसवायचा आणि गावानं त्या दिवशीसारखं ओरडायचं. मी ते टिपून बासरीच्या जागी बसवायचं. मला आधी हसू आलं. मग मी विचार केला, या माणसाच्या डोक्यातून निघालेली ही पहिलीच गोष्ट आहे जी कायद्यात बसते.

एका रविवारी सकाळी मी माईक घेऊन गेलो. गाव जमलं होतं, फुकटचा तमाशा कोण सोडतो? पैलवान फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. ओरडायचं कधी आणि काय, हे ते दोनदा समजावून सांगत होते. माईक एकच होता, म्हणून मी लोकांना हात जोडून सांगितलं की मधे कोणी खोकू नका, घरचं बोलू नका, जे येईल ते सगळं एकत्रच येणार, नंतर वेगळं करता येणार नाही.

सुरुवात झकास झाली. हलगी कडाडली, शिट्ट्या झाल्या. खडाखडीत एका म्हाताऱ्यानं पंचाला शिव्या घातल्या. पंच वारून बरीच वर्षं झालीत, पण शिव्या ताज्या होत्या. पैलवानांनी मलप्पाला खाली घेतलं तेव्हा 'श्रीमंत! श्रीमंत!' असा गजर झाला आणि पैलवानांनी माझ्याकडे वळून बघितलं. घिस्सा लागला. मलप्पा मानेवर आला.

आणि गाव गप्प झालं. कोणी ठरवलं नव्हतं. बासरी नव्हती, गाणं नव्हतं, हलगीवाल्याचीही काडी हळू पडू लागली. टीव्हीवर तो माणूस मानेवर थरथरत होता आणि देवळापुढं एकाच्या तोंडून शब्द फुटेना. मी मनात म्हटलं, गेलं काम. तेवढ्यात माझ्या हेडफोनमध्ये एक घोगरा आवाज फाटला.

"उठ! उठ मलप्पा! मान सोडू नको, उठ!"

मी मान वर केली. पहिल्या रांगेत श्रीमंत पैलवान उभे होते. दुखरा गुडघा विसरून, मूठ वळून, टीव्हीकडे बघत. खांदे टेकले तसे ते खाली बसले आणि फेटा नीट करू लागले.

लोकांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मी म्हटलं, पुन्हा एकदा घेऊ. पण गाव म्हणालं की एकदा ओरडलोय, पुन्हा पुन्हा काय, आणि लोक शेताकडे निघून गेले.

दुकानात येऊन मी पैलवानांना ते ऐकवलं. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि हा आपला आवाज नाही म्हणाले. देगलूरकडचा कोणी पाहुणा आला असेल. मी म्हटलं, पाहुण्यानं तुमचाच फेटा बांधला होता का? तो आवाज काढायचा तर सगळंच काढावं लागलं असतं आणि बासरीच राहिली असती. मग असू द्या, म्हणाले, कोणाला कळतंय? देविकानं तसंच चढवलं. या वेळी कोणी हक्क सांगितला नाही.

कमिटीची बैठक सोमवारी होती. शनिवारी पैलवान माझ्याकडे येऊन बसले, लोक काय लिहितात ते वाचून दाखवा म्हणून. लोक हलगीचं कौतुक करत होते. तो 'उठ मलप्पा' म्हणणारा कोण, असंही बरेच विचारत होते. मी ते वाचायचं टाळत होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून मलप्पा बोलत होता. पैलवानांनी खूण केली म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

त्यानं रामराम केला, पोराबाळांची चौकशी केली आणि मग विचारलं, "ते उठ म्हणणारं मानूस कोन हाय, दासराव?"

मी पैलवानांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मी काही बोलायच्या आत मलप्पाच पुढं बोलला. त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"त्या दिवशी एवढं मानूस व्हतं फडात. माझ्याकडून एकबी बोललं न्हाई. देगलूरहून मी एकलाच आलतो, यष्टीनं. म्हणून इचारून राहिलो. आसं एक मानूस जरी म्हणलं आसतं ना त्या दिवशी, तर उठलो आसतो बगा."

पैलवानांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मलप्पा, श्रीमंत बोलतोय. म्याच म्हणलो ते."

पैलवानांनी फोन तोंडाच्या आणखी जवळ धरला, कोणाच्या कानात बोलावं तसा.

"अन् तू उठला आसतास तर म्या हरलो आसतो. माझ्यात दमच राहिला नव्हता."

"ठाव हाय," मलप्पा म्हणाला. "तुमचा हात थरथरत व्हता. मानेला कळत व्हतं मला."

पैलवानांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता, कॅमेऱ्यातही नाही.

"मग एवढी वर्षं कोनाला बोलला का न्हाईस?"

"इचारलं कोन?"

बाहेर स्टँडवर उदगीरची गाडी लागल्याची सूचना झाली. पैलवानांनी ती संपू दिली.

"जत्रेला ये," ते म्हणाले. "आखाड्यात, समद्या गावासमोर, म्या इचारतो."

मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला, गुडघा धरून उठले आणि जळकोटची गाडी कितीला आहे ते विचारलं.